नाग नदीच्या काठाकाठानं

नागपूरच्या पश्चिमेला वाडीच्या पुढे लाव्याच्या टेकड्या आहेत. काळ्या दगडाच्या, पळस-बाभळीच्या, वैशाखात राखेसारख्या करड्या दिसणाऱ्या. मृगाचे चार-दोन पाऊस झाले की त्यांच्या घळीघळींतून पाणी उतरू लागतं आणि नाग नदी वाहती होते. शहराला नाव देणारी नदी ती हीच. तिथलं पाणी ओंजळीत घेतलं की त्याला ओल्या मुरमाचा वास येतो. गढूळ असतं, पण घाण नसतं.

पुढे अंबाझरी. तिच्याच प्रवाहावर बांध घालून केलेला तलाव. एकोणिसाव्या शतकात नागपूरकर याचंच पाणी प्याले. श्रावणात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अजूनही अख्खं शहर भुट्टे खात ओव्हरफ्लो बघायला लोटतं. लेकरांना खांद्यावर घेऊन बापमाणसं उभी असतात. त्या पाण्याकडे बघताना सगळ्यांचे चेहरे सारखेच उजळतात. मात्र सांडव्याखालचं तेच पाणी दोन-तीन चौक पुढे गेलं की कुणी पुलावर थांबत नाही. नाकाला रुमाल लावून गाडी पुढे काढतात.

धरमपेठ, धंतोली, मोक्षधाम, जुनी शुक्रवारी, नंदनवन, पारडी. प्रत्येक वस्तीनं आपलं सांडपाणी तिच्या पदरात टाकलं. बख्त बुलंदशहानं अठराव्या शतकाच्या आरंभी या पाण्याच्या आधारानं नगर वसवलं. भोसल्यांच्या राजघराण्यानं आपल्या माणसांना अखेरचा निरोप द्यायला, त्यांच्या समाध्या बांधायला हाच काठ निवडला. तो पवित्र वाटला म्हणूनच ना! आज त्या समाध्यांच्या नक्षीदार दगडांना पिंपळाच्या मुळांनी विळखा घातलाय, आणि नदीकडे सगळ्यांची पाठ आहे.

हिवाळ्यातल्या एका सकाळी पारडीच्या बाजूला उथळ पाण्यात शेकाट्या पाहिल्या. काळे पंख, पांढरंशुभ्र अंग आणि काडीसारखे लांब गुलाबी पाय. इतक्या नाजूक पायांनी इतक्या काळ्या गाळात उतरायचं, आणि अंगावर एक डाग नाही! चोच सुईसारखी खाली जायची आणि काहीतरी उचलून वर यायची. काठावर वाकून गाळ निरखला तेव्हा दिसल्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान, रक्तासारख्या लाल अळ्या, वळवळणाऱ्या. त्यांचा तो रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तेच. पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरत नाही तिथेही त्या या हिमोग्लोबिनच्या बळावर तग धरतात. मासे गेले, शिंपले गेले, तरी नदीनं आपलं अन्नछत्र बंद केलं नाही. जे उरलंय त्यातून ती पाखरांना वाढतेच आहे. मला त्या काठावर हात जोडावेसे वाटले आणि मी ते जोडले.

तिचा जोर मात्र कुणी विसरू नये. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत माणसं झोपेतून उठेपर्यंत पाणी घरात शिरलं होतं. लोक म्हणाले, नदी कोपली. मला तसं वाटत नाही. तिचं पात्र आपण बांधकामांनी आवळलं, भिंतींनी कोंडलं. तिनं फक्त आपली जुनी वाट धरली.

शहराबाहेर पिवळी नदी तिला मिळते, मग ती कन्हानला, कन्हान वैनगंगेला. नागपूरनं टाकलेलं सगळं गोसेखुर्दच्या जलाशयाकडे जातं. त्या पाण्यात जाळं टाकणाऱ्या ढिवरांनी काय पाप केलं होतं? दर उन्हाळ्यात पोकलेन लावून गाळ उपसतात, तेही हवंच. पण पात्राला सिमेंटचे काठ बांधून सुशोभीकरण म्हणणं मला पटत नाही. काठाला माती हवी, उंबर हवा, करंज हवा, धोबी पक्ष्याला शेपटी हलवत चालायला ओली रेती हवी. आणि त्याआधी गटारांची तोंडं वळवून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जायला हवं, एकूण एक. लाव्याच्या टेकड्यांवरून येणारं पाणी दर मृगाला येतंच आहे. त्याला पारडीपर्यंत स्वच्छ पोहोचू द्यायचं, एवढंच आपल्याकडे बाकी आहे.