मोर्तब

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा हट्ट धरूं नये म्हणतात. तरी २०१० सालीं गोव्यांत सुरू झालेल्या ‘नलकॉन’ या संगणक-सुरक्षेच्या परिषदेकडे व्याख्यानाचा प्रस्ताव पाठवावयाचें मीं जळगांवांत बसून ठरविलें. पण ‘यांत नवें काय?’ या प्रश्नापाशीं लेखणी अडली. इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मी नवें काय सांगणार?

तेव्हां धुळें आठवलें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं तेथें वारले. पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. जुन्या मोडी राजपत्रांच्या शेवटीं मोर्तब असे: मजकूर येथें संपला, याखालीं कोणीं अक्षर वाढविलें तर तें खोटें! आजची डिजिटल स्वाक्षरी त्याहून दक्ष. मधलें एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. या साम्यावर मी खूष होतों.

इतक्यांत शेजारच्या काकूंचे पैसे गेले. टेलिफोनवरच्या गोड आवाजाला त्यांनीं स्वतःच ओटीपी सांगितला होता. शिक्का अभंग होता. शिक्केकट्यारच हातानें दिली गेली. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम अडविण्याची आशा असते. काकूंनीं दोन दिवस दवडले. “शिकलेली असून फसलें. मुलाला सांगूं नका,” एवढेंच त्या विनवीत होत्या.

मीं साम्याचा मजकूर खोडला आणि लिहिलें: ‘फसलेल्याची लाज ही चोराची ढाल आहे. ती कशी काढून घ्यावी, यावर बोलेन.’

प्रस्ताव गेला. होकार येईल, न येईल. काकूंनीं मात्र परवां मुलाला सांगितलें.