वाडीखालची केबल

आपल्या जमिनीखालून दुसऱ्याचं काही जाऊ द्यायचं नाही, हे माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. वरून गेलं तर एकवेळ चालेल. वरची तार दिसते, तुटली तर कळते, नको झाली तर सोडवता येते. पुरलेलं मात्र तिथेच राहतं, आणि कोकणात राहिलेल्या वस्तूला हक्क फुटायला वेळ लागत नाही.

श्रीवर्धन तालुक्यातली आमची वाडी रस्त्यापासून आत लांबट गेलेली आहे. तिच्या मागे चुलतभावाचं, बापूचं घर. त्याचं मीटर रस्त्याकडच्या गडग्याजवळच्या पेटीत. मीटरच्या पुढची तार ज्याची त्याने सांभाळायची, तेव्हा बापूने ती आमच्याच सुपाऱ्यांना बांधत बांधत मागे नेली होती. एकदा तो म्हणाला, "दादा, ही लोंबकळ पुरे झाली. चर खणून केबल घालतो, खर्च माझा." मी नाही म्हटलं. सुपारीची मुळं वरवरच्या मातीत पसरतात, खणताना तुटतील, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं; पण मनात होता तो सात-बारा. त्यावर इतक्या भाऊबंदांची नावं आहेत की एका चरावरून पुढच्या पिढीत कोण काय म्हणेल याचा नेम नाही. बापूलाही ते कळलं असणार. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा आणि त्यासमोर सरळसोट वाढलेल्या सुपाऱ्या. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचं नाव आहे, त्या सुपारीच्या वाड्या त्या दिवशी आडव्या झाल्या. बापूची तार झाडांबरोबर गेली आणि जाताना मीटरची पेटीही ओढून घेऊन गेली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या वाडीत केबल जमिनीखाली असती तरी वीज एक दिवसही लवकर आली नसती, कारण रस्त्यावरचे खांबच पडले होते. भूमिगत वाहिनीचं गुणगान करणारे हे सोयीस्करपणे विसरतात. माझं मत हललं ते अंधारामुळे नाही. पडलेल्या झाडांच्या खच्चून भरलेल्या ढिगात ती तार कुठेतरी गुंतलेली होती आणि आम्ही कोयते-करवती घेऊन त्याच ढिगात उतरलो होतो. वीज नाही हे माहीत होतं. पण कोणाच्या घरी जनरेटर लागला आणि तो उलटा लाइनीत शिरला तर? वायरमन येऊन दोन्ही टोकं सोडवून जाईपर्यंत मी त्या बाजूला कोणाला फिरकू दिलं नाही. 'वरची तार दिसते' हा माझा मुद्दा तिथे संपला. पुढे खांबावर वीज आली तेव्हा बापूची तार बांधायला वाडीत झाडच उरलं नव्हतं.

मुळांची सबब त्यामुळे आपोआप गेली. राहिली वहिवाट. ओळखीच्या वकिलांशी बोललो तेव्हा मला जरा हसू आलं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवर असा हक्क सांगायचा, तर तो वापर उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता 20 वर्षं झालेला असावा लागतो. म्हणजे ज्या लोंबत्या तारेला मी कधी हटकलं नव्हतं, जी सगळ्या गावाला दिसत होती आणि जिचा चिटोराही नव्हता, तिच्याच जोरावर दावा सांगणं सोपं होतं. लेखी परवानगीने घातलेली केबल ही परवानगीच राहते, हक्क होत नाही. मात्र त्याच कायद्यात एक मेख आहे. परवानगी मिळाल्यावर कोणी स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं, तर मनात येईल तेव्हा ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणून केबल पुढे हलवायची वेळ आली तर कोणी आणि कोणाच्या खर्चाने हलवायची, हे आधीच लिहून घ्यावं लागतं. आम्ही ते लिहिलं. बापूने सही करताना "एवढं कशाला?" असं विचारलं, पण सही केली.

चर खणणं ही मात्र गंमत नव्हती. कमी दाबाच्या केबलला भारतीय मानकाप्रमाणे पाऊण मीटर खोली लागते. वरची माती हा हा म्हणता निघाली आणि मग जांभा लागला. गडी पहार टेकवून म्हणाला, "दीड फूट पुष्कळ झालं." मीही क्षणभर त्याच्याच मताचा होतो. बापू अडून बसला. जिथे खडक अगदीच ऐकेना, तिथे लोखंडी पाइप घालून वर काँक्रीट टाकलं. बाकी ठिकाणी तळाला वाळू, तीवर पन्हाळीदार प्लास्टिकचा पाइप, पुन्हा वाळू, विटांचा थर, थोडी माती आणि मग धोक्याची पट्टी. केबल चिलखती आणि मध्ये सांधा नसलेली, अखंड घेतली, कारण जमिनीखाली पाणी शिरतं ते बहुधा सांध्यात. माती लोटण्याआधी मेगर लावून इन्सुलेशन तपासलं. इंटरनेटच्या तारेसाठी फूटभर अंतर सोडून दुसरी नळी, आणि तिसरी नुसती रिकामी, आत नायलॉनची दोरी सोडून तोंडं बंद केलेली. त्या रिकाम्या नळीला मी आधी उधळपट्टी म्हटलं होतं. आता वाटतं, खरं काम तेच. खणण्याची मजुरी एकदाच द्यावी, पाइप त्यामानाने स्वस्त.

एक धास्ती मात्र गेलेली नाही. नारळ लावायचा खड्डा आपण मीटरभर खोल घेतो आणि केबल आहे पाऊण मीटरवर. सार्वजनिक वाहिन्या खोदकामात तुटू नयेत म्हणून 2023 मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. पण आमच्या वाडीतली खाजगी केबल त्याला कुठून ठाऊक असणार? ती ठाऊक बापूला आणि मला, आणि आम्ही काही कायमचे नाही. म्हणून चर उघडा असतानाच प्रत्येक वळणाचं अंतर विहिरीच्या कठड्यापासून आणि घराच्या जोत्यापासून मोजून कागदावर घेतलं, फोटो काढले. झाडापासून माप घेऊ नये, हे निसर्गने शिकवलं होतं. नकाशाची एक प्रत दोन्ही घरांत आहे, एक मीटरच्या पेटीत चिकटवली आहे.

गावाकडे जमीन असलेल्या कोणाकडे भाऊबंद उद्या असं विचारायला आला, तर मुळांची सबब सांगू नका. कागद करा, चर पुरेसा खोल घ्या आणि बुजवण्याआधी टेप लावा. आमची तिसरी नळी अजून रिकामीच आहे. तिच्यातून काय न्यायचं यावर बापूचं आणि माझं एकमत झालेलं नाही.