पेन्सिलीचं टिंब

कुणाच्या घरी शिकवायला जायचं ठरलं की माझा पहिला नियम दाराचा असतो. ज्या खोलीत बसायचं तिचं दार सताड उघडं, आणि घरात एखादं मोठं माणूस असल्याशिवाय तास नाही. मुलगा असो वा मुलगी, सहावी असो वा दहावी. दुसरा नियम फीचा. पाच तारखेच्या आत, आगाऊ. आदल्या दिवशी कळवलं तर तास बदलून देते. मी स्कूटर लावून तीन जिने चढून आल्यावर ‘आज पाहुणे आलेत हो’ म्हटलं, तर तो तास झाला असं धरते. पूर्वी हे बोलायला जीभ रेटायची नाही. आता पहिल्या भेटीतच चहाच्या आधी सांगून टाकते, त्यामुळे पुढे मनं कडू होत नाहीत.

पण दार उघडं ठेवलं की सगळं ऐकू जातं. कोथरूड-कर्वेनगरातले फ्लॅट काही वाडे नव्हेत. आपण जेवणाच्या टेबलावर गणित सोडवत असतो, चार हातांवर कुकर शिट्टी देत असतो, सोफ्यावर बाबांची ऑफिसची मीटिंग चालू असते. घरच्यांचे कान आपल्याकडे लागलेले असतात. त्यात गैर काही नाही. मूल त्यांचं, काळजी त्यांची. अडचण एवढीच की त्या कानांसमोर मूल चुकायला तयार नसतं. ते गप्प बसतं. ‘कळलं का?’ विचारलं की ‘हो’ म्हणतं. आणि मला तर त्याची चूकच हवी असते. ती हाती लागली नाही, तर मी तासभर फक्त बोलून निघून येते.

शाळेत होते तेव्हा ही चूक मला दिसायचीच नाही. साठ मुलांच्या वर्गात ती थेट पेपर तपासताना दिसते, तीही उत्तराच्या रूपात. ती सुरू कुठून झाली ते कळत नाही. शाळेतल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 28 वं कलम सांगतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून 2011 मध्ये शाळा सोडली आणि मगच घराघरांत जाऊ लागले.

पहिल्याच वर्षीचा एक मुलगा. नववीत होता. बीजगणितात क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन आलं की त्याची गाडी अडायची. मी क्ष काढून टाकला आणि नुसतं एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहून दिलं. त्याने पटकन दोन छेद पाच लिहिलं. वरचे वर, खालचे खाली. हजारो मुलं हेच करतात. मी लगेच ‘छेद समान कर’ म्हणणार होते, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, विचारलं, ‘कसं केलंस रे?’ त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘मॅडम, दोन बॉलमध्ये एक चौका, पुढच्या तीन बॉलमध्ये एक चौका. मिळून पाच बॉलमध्ये दोन.’

मी पाहतच राहिले. त्याचा हिशोब बरोबर होता! पाच चेंडूंत दोन चौकार, यात खोट काढायला जागाच नाही. फक्त तो हिशोब अपूर्णांकांच्या बेरजेचा नव्हता. प्रत्येक वेळी चेंडू वेगळे होते, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही तुकडे एकाच मापाच्या वस्तूचे असावे लागतात. मी वहीवर भाकरी काढली. अर्धी रंगवली. ‘यात आणखी एक तुकडा घालायचाय. भाकरी अर्ध्याहून जास्त होईल की कमी?’ जास्त, म्हणाला. ‘आणि दोन छेद पाच?’ त्याने पाच भाग केले, दोन रंगवले, आणि ते अर्ध्याला पोचत नाहीत हे त्याचं त्यालाच दिसलं. सहाने भाग करायला हवेत हे त्यानेच सुचवलं. पाच छेद सहा. एवढ्यासाठी अख्खा तास गेला आणि मला तो माझा सर्वांत चांगला तास वाटला.

त्यानंतर जे झालं ते मला अजून बोचतं. निघताना, चपला घालता घालता, त्याच्या आईने विचारलं, ‘कसा काय वाटतोय?’ मी म्हणाले, ‘पाचवीच्या अपूर्णांकांपासून कच्चा आहे.’ वाक्य खरं होतं. मुलगा मागे उभा होता. पुढच्या तासाला त्याची वही बघितली तर एकही काट नाही, एकही चूक नाही. पानं मात्र खोडरबराने घासून इतकी पातळ झालेली की पलीकडची अक्षरं दिसत होती. कच्चं काम तो आतल्या खोलीत करायचा, कागद फाडून टाकायचा आणि वहीत फक्त पक्कं उतरवायचा. चौकारांचा हिशोब त्याने मला विश्वासाने सांगितला होता आणि मी तो दारात नेऊन ठेवला होता. त्याने पुन्हा माझ्यासमोर चुकावं, यासाठी दोन महिने लागले.

तेव्हापासून दारात उभ्याने मी कुणाच्याही अभ्यासाबद्दल बोलत नाही. महिन्यातून एकदा फोन करते, आणि काय सांगणार आहे ते मुलाला आधी सांगून ठेवते. तास सुरू झाला की खोडरबर माझ्या पर्समध्ये जातो. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि चूक मी तोंडाने बोलत नाही. मुलाचं गणित लिहून होईपर्यंत थांबते आणि जिथे पाय घसरला त्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीने बारीकसं टिंब ठेवते. मूल टिंब बघतं, ओळ पुन्हा वाचतं. बाहेर कुकरची तिसरी शिट्टी होते. कुणालाच काही कळलेलं नसतं.

सगळं टिंबाने भागत नाही, कारण काही चुका कानाच्या असतात. इंग्रजी माध्यमातली सहावीतली एक मुलगी. मी ‘एकोणऐंशी’ म्हटलं, तिने 89 लिहिलं. आजोबा हॉलमधून ओरडले, ‘अगं, एवढंही येत नाही?’ तिचे डोळे भरले. पण ऐकू आलं ऐंशी, तर हात आठाकडेच जाणार. ‘बावन्न’मध्येही दोन आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र पाच आधी. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. मला ‘त्रेसष्ट’, ‘एकोणसत्तर’ हे शब्द प्रिय आहेत, ते टिकावेत. पण त्या शब्दांपाशी मुलं अडखळतात हेही मी रोज बघते, आणि त्या वादात माझं मन नारळीकरबाईंच्या बाजूने होतं.

आजोबांना गप्प करणं माझ्या अधिकारात नव्हतं. मी त्यांना विचारलं, तुम्हाला पावकी-निमकी पाठ असेल ना? त्यांना औटकीसुद्धा येत होती, साडेतीनचा अख्खा पाढा. मग दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं मी त्यांना दिली. सात औटं साडेचोवीस, असं ते खुर्ची ओढून म्हणायचे आणि नात कागदावर गुणून ताडून बघायची. स्वतःची दहा मिनिटं मिळाल्यावर त्यांनी हॉलमधून हाका मारणं आपसूक सोडलं.

धंदा म्हणून बघाल तर हा संध्याकाळी चार ते साडेआठचा धंदा. एका सोसायटीत दोन घरं लागली तर पेट्रोल आणि अर्धा तास वाचतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की एप्रिल-मे हात रिकामे, म्हणून दिवाळीपासूनच बाजूला टाकायचं. अर्थनियोजनाचं प्रकरण शिकवताना एका मुलाने विचारलं होतं, तुमच्या फीवर जीएसटी किती? सांगितलं, शिकवणीला 18 टक्के, निम्मा केंद्राचा निम्मा राज्याचा. पण वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. त्याने लगेच माझे तास गुणिले फी करून पाहिले आणि नोंदणी लागणार नाही असं गंभीरपणे सांगितलं.

या आठवड्यापासून वारज्यात नवीन घर लागलंय. सातवीतली मुलगी. अक्षर सुरेख. लिहिताना डावा हात आडवा ठेवून वही झाकते, अगदी कोपरापासून बोटांपर्यंत. तिची आई आत पोळ्या लाटत असते. लाटण्याचा आवाज थांबला की मुलीची पेन्सिलही थांबते. मी तिला हात काढ म्हणत नाही. मी माझ्या वहीत तेच गणित सोडवत बसते, मुद्दाम कच्चं काम मोठं मांडते, कुठे चुकलं तर रेघ मारून पुढे जाते, आणि ती वही तिला दिसेल अशी उघडी ठेवते. आज तिसरा तास झाला. हात अजून वहीवरच आहे, पण माझ्या वहीतली ती रेघ मारलेली ओळ ती आज दोनदा वाकून वाचत होती.