कासूचं स्टेशन आणि अब्बांचा फोन

पेणहून रोह्याकडे निघालं की पुढचं स्टेशन कासू, त्यानंतर नागोठणे. लांबच्या गाड्या इथे थांबत नाहीत, थांबते ती दिवा-रोहा पॅसेंजर. माझं सासर या स्टेशनजवळ आणि माहेर मुंब्र्याला. लग्नाच्या वेळी अब्बा म्हणाले होते, "पोरगी लांब कुठे दिली? त्याच गाडीच्या दुसऱ्या टोकाला तर आहे."

22 मार्च 2020 ला प्रवासी गाड्या बंद झाल्या. रोज संध्याकाळी अब्बांचा फोन यायचा. सलाम झाला की पहिला प्रश्न, "आज गाडी गेली का?" मी सांगायची, "मालगाडी गेली." ते म्हणायचे, "मालगाडी चालतेय ना, मग आपलीही सुटेल."

मालगाड्यांच्या मधल्या वेळात रुळांवर माणसं दिसायची. मुंबईहून कोकणात पायी निघालेले चाकरमानी; हायवेला पोलीस अडवतात म्हणून रुळांच्या वाटेने आलेले. आम्ही कुंपणाबाहेर पाण्याची कळशी ठेवायचो, रमजान लागल्यावरही. एकदा एक बाई दोन लेकरांना घेऊन टेकली होती. कुठे निघालात, विचारलं तर म्हणाली, "आईकडे." पुढे काही विचारवलं नाही.

11 व्या रोजाला, सहरीच्या वेळी भावाचा फोन आला. अब्बांना रात्री छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधीच संपलं. जनाजाला वीसच माणसांची परवानगी होती. ज्या माणसाने मोहल्ल्यातला एकही जनाजा चुकवला नाही, त्याच्यामागे वीस जण! मी फोनवर पाहिलं. तेही मध्येच अडकलं आणि माती देताना काहीच दिसलं नाही.

प्रवासाचा पास तिसऱ्या दिवशी आला. तो मी वापरला नाही. परतल्यावर चौदा दिवस शाळेत वेगळं राहावं लागलं असतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, धाकटा दीड वर्षाचा. अम्मीही म्हणाली, "नको येऊस." पण ती म्हणाली म्हणून मी थांबले, असं मी कुणाला सांगत नाही. मी घाबरले होते.

अम्मी इद्दतमध्ये बसली. चार महिने दहा दिवस. एरवी या दिवसांत आयाबाया येऊन बसतात, मन रमवतात. तिच्याकडे फक्त फोन होता. 3 जूनला निसर्ग वादळाने तोही तोडला. आमचे पत्रे उडाले, दारातला आंबा आडवा झाला, वीज गेली. पाचव्या दिवशी यांनी कुठूनतरी मोबाईल चार्ज करून आणला. अम्मी उचलल्या उचलल्या रडली, मग रागावली, मग विचारलं, "सासूबाईंवर पाणी तर नाही पडलं ना?"

2 सप्टेंबरपासून जिल्हा ओलांडायला पास लागेनासा झाला. चौथ्या दिवशी जीपने मुंब्र्याला पोचले. इद्दत संपायला थोडेच दिवस उरले होते. अम्मी खिडकीपाशी बसलेली, निम्मी झालेली. वादळाआधी उतरवलेल्या कैऱ्यांचं लोणचं तिच्यापुढे ठेवलं. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग बरणीचं झाकण घट्ट करत तिने विचारलं, "कासूला गाडी सुरू झाली का गं?"

"मालगाडी जाते," मी म्हटलं.