‘मी काय बोलणार?’ : व्हँकुव्हरचे एक व्यासपीठ

वाचकहो, चला, आज कॅनडात जाऊ. त्या देशाच्या नकाशावर अगदी पश्चिमेच्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी व्हँकुव्हर नावाचे शहर आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. उत्तरेला बर्फाचे डोंगर, खाली खाडीचे निळे पाणी आणि हिवाळाभर न थांबणारी रिमझिम. या शहरात स्कायट्रेन नावाची लोकलसारखी गाडी धावते. १९८५ पासून धावणाऱ्या या गाडीला चालकच नसतो! नवखा माणूस पहिल्या डब्यात बसून मोटरमन शोधत राहतो.

पण आज आपल्याला डोंगर किंवा गाड्या पाहायच्या नाहीत. आपण पाहणार आहोत एक व्यासपीठ, आणि त्यावर बोलणारी माणसे कोठून आली ते.

हा विषय आपल्याला परका नाही. जयंती जवळ आली की प्रत्येक मंडळात एकच चर्चा सुरू होते, “यंदा वक्ता कोण?” मग फोनाफोनी, जाण्यायेण्याचा खर्च, पत्रिकेत नाव कोणाचे वर आणि कोणाचे खाली, आणि ऐन वेळी “साहेब दुसऱ्या कार्यक्रमात अडकले आहेत” हा निरोप. ज्याने एकदा तरी व्याख्यानमाला भरवली आहे, त्याला हे दुखणे ठाऊक आहे. इंटरनेटवर लिहिणाऱ्या लोकांचे मेळावे व्हँकुव्हरमध्ये भरू लागले, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे आपण पाहण्यासारखे आहे.

रस्त्याखालचे सभागृह

शहराच्या मध्यभागी रॉबसन स्क्वेअर आहे. आर्थर एरिक्सन या वास्तुशिल्पकाराने इथे गगनचुंबी इमारत न बांधता जणू ती आडवीच करून ठेवली. वर झाडे, पाण्याचे धबधबे, काचेच्या छताखाली न्यायालय आणि रस्त्याच्या पातळीखाली मोठी दालने. इथल्या पायऱ्या पाहण्याजोग्या आहेत. पायऱ्यांच्या मधूनच तिरका उतार काढलेला आहे. चालणारा आणि चाकाच्या खुर्चीवरचा, दोघेही एकाच जिन्याने वर जावेत, हा त्यामागचा विचार.

या रस्त्याखालच्या दालनांत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे वर्ग आहेत. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथे ‘नॉर्दर्न व्हॉइस’ नावाचा ब्लॉग लिहिणाऱ्यांचा मेळावा भरला. ब्लॉग म्हणजे काय? आपल्या वस्तीच्या नाक्यावर वार्ताफलक असतो. कोणीतरी रोज खडूने त्यावर बातमी लिहितो, येणारा-जाणारा थांबून वाचतो. तसाच फलक इंटरनेटवर लावला, म्हणजे ब्लॉग झाला. फरक इतकाच, की हा फलक जगात कोठूनही वाचता येतो आणि वाचणारा खाली आपले मतही लिहू शकतो. संपादकाची परवानगी नको, छपाईचा खर्च नको.

पहिल्या मेळाव्याला मोठी नावेही होती. इंटरनेटवरील माहितीची मांडणी करणाऱ्या एक्सएमएल या तंत्राचे एक जनक टिम ब्रे बोलले, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करून ब्लॉग लिहिणारे रॉबर्ट स्कोबल बोलले. पण त्याच दिवशी ज्यूली लेउंग ही मुलाबाळांत रमलेली आईही बोलली. आपल्या घरातले किती लिहावे, किती झाकून ठेवावे, मुलांविषयी लिहिताना कोणती काळजी घ्यावी, हा तिचा विषय. तंत्रज्ञांच्या सभेत एका आईने घरातला प्रश्न मांडला आणि तोही तितकाच महत्त्वाचा ठरला.

पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, संयोजकांनी मुख्य मेळाव्याच्या आदल्या दिवसाला ‘मूस कॅम्प’ जोडला. मूस म्हणजे कॅनडाच्या जंगलातला सांबरासारखा, पण घोड्याहून मोठा प्राणी. या दिवसाची पत्रिका आधी छापलेली नसते. ज्याला जो विषय मांडायचा आहे, त्याने तो स्वतःच यादीत लिहायचा. ज्याला रस असेल त्याने त्या खोलीत जाऊन बसायचे. ऐकायला आलेला माणूस वक्ता होऊन परत जाऊ शकतो!

बर्नबीचा डेरेक

व्हँकुव्हरला लागूनच बर्नबी हे गाव आहे. मुंबईला ठाणे तसे. तिथे डेरेक मिलर राहत असे. लेखन-संपादन हा त्याचा व्यवसाय, ड्रम वाजवणे हा छंद. बायको आणि दोन मुली असे साधे कुटुंब. तो अनेक वर्षे ब्लॉग लिहीत होता आणि व्हँकुव्हरच्या या ब्लॉगवाल्या मंडळींत सर्वांना परिचित होता.

जानेवारी २००७ मध्ये त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे कळले. त्याने ते लपवले नाही. उपचार, वेदना, घरातली काळजी, बरे वाटलेले दिवस, सारे साध्या भाषेत लिहीत राहिला. ३ मे २०११ रोजी वयाच्या ४१ व्या वर्षी तो गेला. आपल्या मृत्यूनंतर प्रसिद्ध करण्यासाठी त्याने शेवटचा लेख आधीच लिहून ठेवला होता. घरच्यांनी आणि मित्रांनी तो प्रसिद्ध केला आणि वाचण्यासाठी जगभरातून इतके लोक आले, की तो ब्लॉग ज्या यंत्रावर होता त्याला भार सोसेना.

डेरेक ना मंत्री होता, ना नट. जे भोगले ते त्याने खरेपणाने सांगितले. वक्ता शोधताना आपण पदवी पाहतो, पद पाहतो. पण ऐकणाऱ्याच्या मनाला भिडते ते अनुभवलेले, आणि अनुभव तर वस्तीवस्तीत आहे.

वक्ते घडवण्याची शाळा

आता दुसऱ्या मेळाव्याकडे वळू. ‘वर्डप्रेस’ हे संकेतस्थळ आणि ब्लॉग तयार करण्याचे मोफत साधन आहे. २००३ मध्ये मॅट मुलनवेग हा अमेरिकन तरुण आणि इंग्लंडमधील स्टॉकपोर्टचे माइक लिटल हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, या दोघांनी ते सुरू केले. आज ते मराठीतही वापरता येते. ते वापरणारे लोक आपापल्या शहरात ‘वर्डकॅम्प’ नावाचा मेळावा भरवतात. पहिला २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. पुढे मुंबई, पुणे, नागपूर आणि नाशिकमध्येही झाले. भरवणारे स्वयंसेवक असतात, प्रवेशशुल्क कमी ठेवतात, वक्त्याला मानधन नसते आणि व्यासपीठावरून स्वतःच्या मालाची जाहिरात करायला मनाई असते. वक्ते शक्यतो गावातलेच असावेत, असा आग्रह असतो.

व्हँकुव्हरच्या संयोजकांनी वक्त्यांसाठी आवाहन केले, की अर्ज बहुतांशी पुरुषांचे येत. यादीत स्त्रिया कमी का, असे कोणी विचारले तर उत्तर तयार होते, “त्यांनी अर्जच केले नाहीत, आम्ही काय करणार?” हे उत्तर आपल्याही ओळखीचे आहे, नाही का?

पण जिल बाइंडर आणि तिच्या सोबत्यांनी तिथेच थांबायचे नाकारले. त्यांनी स्त्रियांनाच विचारले, “तुम्ही अर्ज का करत नाही?” उत्तर जवळपास सारखेच आले, “मी काय बोलणार? मी काही तज्ज्ञ नाही.” रोजच्या रोज उत्तम काम करणाऱ्या बायका हे सांगत होत्या! त्यांच्यात कमी होती ती ज्ञानाची नव्हे, तर आपल्याजवळ सांगण्यासारखे आहे या विश्वासाची.

म्हणून २०१४ च्या मेळाव्याआधी त्यांनी एक कार्यशाळा घेतली. तिची रीत इतकी सोपी आहे, की कोणत्याही वस्तीत ती घेता येईल.

पहिल्यांदा भीती बोलून दाखवायची. “मला सगळे येत नाही.” बरोबर आहे, पण सगळे कोणालाच येत नाही. जी गोष्ट तुम्ही गेल्याच वर्षी शिकलात, ती नवशिक्याला तुम्हीच चांगली समजावू शकता, कारण कोठे अडते ते तुम्हाला अजून आठवते. “कोणी अवघड प्रश्न विचारला तर?” “मला माहीत नाही, पाहून सांगते,” हेही उत्तरच आहे.

मग कागद-पेन घेऊन विषयांची यादी करायची. नोकरीत काय शिकलो, कोणती अडचण सोडवली, लोक आपल्याला कशाविषयी विचारायला येतात. त्यातला एक विषय निवडायचा. त्याला नाव द्यायचे, चार ओळींत तो काय आहे ते लिहायचे आणि संकोच न करता स्वतःचा परिचय लिहायचा. शेवटी लहान गटात उभे राहून थोडा वेळ बोलायचे. ऐकणाऱ्यांनी काय चांगले झाले ते सांगायचे आणि सुधारणाही सुचवायची. संध्याकाळी घरी जाताना हातात नुसती उमेद नसते, भरून पाठवता येईल असा अर्ज असतो.

त्या वर्षी व्हँकुव्हरच्या वर्डकॅम्पमध्ये वक्त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. कोणाला उपकार म्हणून जागा दिली नव्हती. तयारी करून घेतली, अर्ज आले, त्यांतून निवड झाली. पुढे ही कार्यशाळा जगातल्या अनेक शहरांनी उचलली.

आवाज नाकारणारे शहर

व्हँकुव्हर नेहमीच असे मोकळे नव्हते. मध्यवस्तीतून खाडीकाठी कोल हार्बरला चालत गेलो, की एक स्मारक दिसते. मे १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन या खाडीत आले. त्यांत बहुसंख्य शीख होते. दोन महिने जहाज पाण्यातच अडकवून ठेवले आणि मोजके लोक सोडता बाकीच्यांना किनाऱ्यावर पाऊल न ठेवू देता परत पाठवले. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागायला १०२ वर्षे लागली!

ही भूमीही मुळात मस्क्वीम, स्क्वामिश आणि स्लेवाटूथ या आदिवासी जमातींची. ती त्यांनी कोणाला लिहून दिलेली नाही. २०१४ मध्ये महापालिकेने हे अधिकृतपणे मान्य केले. आज तिथल्या अनेक सभांची सुरुवात या जमातींचा उल्लेख करूनच होते.

मेन आणि हेस्टिंग्ज या रस्त्यांच्या चौकात १९०३ सालची कार्नेगी ग्रंथालयाची इमारत आहे. आसपासची वस्ती शहरातली सर्वात गरीब. एका खोलीत राहणारी माणसे, बेघर, व्यसनात सापडलेले. १९८० पासून ही इमारत वस्तीचे केंद्र झाली. तिथून १९८६ मध्ये ‘कार्नेगी न्यूजलेटर’ निघू लागले. लिहिणारी माणसे त्याच वस्तीतली. वर्तमानपत्रे या लोकांविषयी लिहीत. इथे ते स्वतःविषयी स्वतः लिहू लागले. ब्लॉग हा शब्द जन्मायच्या आधीची ही गोष्ट. हातात साधन कोणते, ही नंतरची बाब. बोलायला जागा कोणी करून दिली, ही पहिली.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्या नावातच हे सारे आले होते. त्यांचा अर्धपुतळा बर्नबीच्या डोंगरावरील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९३ पासून आहे. हे विद्यापीठही एरिक्सन आणि त्यांचे सहकारी मॅसी यांच्या रेखाटनातून उभे राहिले. स्कायट्रेनने प्रॉडक्शन वे स्थानकावर उतरायचे आणि १४५ नंबरची बस धरायची, म्हणजे माणूस थेट डोंगरावर पोचतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२१ मध्ये १४ एप्रिल हा दिवस डॉ. आंबेडकर समता दिन म्हणून जाहीर केला. त्यामागे तिथे स्थायिक झालेल्या, मुख्यतः पंजाबमधून गेलेल्या आपल्या बांधवांची चिकाटी आहे.

आपल्या विहारात

आता परत आपल्या वस्तीत येऊ. मोठे वक्ते बोलवावेत, त्यांचे विचार ऐकावेत, याबद्दल वाद नाही. पण वर्षानुवर्षे तीच चार नावे पत्रिकेत असतील, तर व्याख्यानमालेने काय घडवले? आपल्यातली आशाताई रोज पन्नास घरांत जाऊन बाळंतिणींची चौकशी करते. सफाई कामगार संघटनेतल्या दादांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून हक्काचा पगार मिळवला. कॉलेजातली मुलगी मोबाइलवर ब्लॉग लिहिते, पण माइक पुढे केला की मागे सरते. यांना विचारा. नुसते विचारू नका, कारण “मी काय बोलणार?” हेच उत्तर येईल. महिनाभर आधी एका रविवारी विहारात बसवा, लहान मुलांना सांभाळायला एकाला नेमा, कागद-पेन द्या, विषय लिहायला लावा, पाच मिनिटे उभे राहून बोलायला लावा. मग पत्रिका छापा. आणि त्या पत्रिकेत मोठ्या वक्त्याच्या नावाखाली नव्हे, शेजारी त्यांचे नाव घाला.