थांबायचं बजेट

वलगाव म्हटलं की लोकांना गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना इथेच, पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. पोलो जीटी टीएसआय काही कुणाला आठवत नाही. पण दिवाळीत ती आमच्या अंगणात उभी असते, कारण दादा पुण्यात नोकरीला आणि ही गाडी त्याची सेकंडहँड हौस. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी. दिसायला शहाणी हॅचबॅक, पण पाय दाबला की एकदम सॉलिड!

गेल्या वर्षी दादा ती घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला 'ट्रॅक डे'ला गेला. ३.७ किलोमीटरचा लॅप, १२ वळणं, ना ट्रॅफिक ना सिग्नल. चौथ्या लॅपला सरळ पट्टा संपताना त्याने ब्रेक मारला, तर पेडल मऊ होऊन थेट खाली. पंप करत करत गाडी कडेच्या मातीत जाऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण वहिनी पावणेदोन वर्षांच्या पिल्लूला कडेवर घेऊन समोर उभी होती. हॉटेलवर पोहोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

दिवाळीत बघते, तर दादाच्या लॅपटॉपवर लालभडक, भलेमोठे कॅलिपर. 'बिग ब्रेक किट', कोटेशन दीड लाखाच्या घरात. आई म्हणाली, "गाडी पयवाले पैसे लागतेत हे समजलं बाप्पा, थांबवाले कायचे?"

लागतात ना, आणि का ते ऐका. ड्रायव्हरसकट बाराशे किलोची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणायची, तर जवळपास पावणेनऊ लाख ज्यूल उष्णता काही सेकंदांत बाहेर पडते. तेवढ्यात तीन लिटर पाणी उकळेल. हे एकाच वळणाला, आणि अशी वळणं लॅपमागून लॅप. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. चिखलदऱ्याचा घाट ब्रेकवर उतरताना जो जळका वास येतो, त्याचाच हा मोठा भाऊ.

निदान मात्र केलं आमच्या स्टँडजवळच्या गॅरेजवाल्या काकांनी, ज्यांचं आयुष्य ट्रॅक्टर आणि ऑटोत गेलं. बॉनेट उघडून त्यांनी फ्लुइडच्या टाकीत बघितलं. आत कोरा चहा! "भाऊ, लाल रंग मंग लाव. पयले हे तेल पाय."

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल पीत राहतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओल मुरली की ही हद्द १५५ पर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. पॅड तापून थकले तर उलट होतं, पेडल घट्टच लागतं पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. दादाचं पेडल मऊ झालं होतं. म्हणजे आजार कुठला ते उघड होतं.

आणि मोठ्या डिस्कचं म्हणाल, तर पहिल्याच ब्रेकला गाडी फार लवकर थांबते असं नाही. पकड शेवटी टायरचीच. मोठी डिस्क उष्णता जास्त वेळ सोसते, पण पुढे एवढं बळ देऊन मागे कंपनीचे ड्रमच राहिले, की समतोलाचा प्रश्न आलाच. व्हीलमध्ये ती बसेल का, हा आणखी वेगळा. मला विचाराल तर लाल कॅलिपर हा निम्मा फोटोसाठीचा खर्च आहे. दादाला हे अजून पटलेलं नाही.

शेवटी अमरावतीत डॉट ५.१ भरलं, स्टीलची जाळी असलेले होज लावले आणि पुढे जास्त तापमानाचे पॅड. (नुसतं 'डॉट ५' म्हणजे सिलिकॉनवालं, ते यात मिसळायचं नाही.) पॅड अगदी रेसिंगचे घेतले नाहीत. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी पिल्लूला पाळणाघरात सोडायला हीच गाडी वहिनी चालवते. पॅडवर तिने तासभर वाद घातला आणि जिंकली.

फेब्रुवारीत दादा पुन्हा जाऊन आला. तीन लॅप जोरात, मग एक ब्रेक जवळजवळ न लावता, गार होण्यासाठी. परतल्यावर तापलेल्या गाडीला हँडब्रेक नाही, चाकाला दगड. पेडल शेवटपर्यंत जागचं हललं नाही. या वेळी वहिनी गेलीच नाही. पण निघायच्या आधी तिने बॉनेटच्या आत एक स्टिकर चिकटवला होता, त्यावर फ्लुइड बदलल्याची तारीख आणि खाली, "पुढची खेप तेल बदलल्यावरच."