बोर्ड जळालाच नव्हता

आमच्या घरी गेल्या वर्षी एक लहानसा कंप्युटर आला. एटीएम कार्डाएवढा हिरवा बोर्ड, त्याला ना पेटी ना पडदा. टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला की काम करतो. रास्पबेरी पाय त्याचं नाव. मुलांना स्वस्तात प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून इंग्लंडातील केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली तो पहिल्यांदा बाजारात आणला. आमच्याकडचा तिसऱ्या पिढीचा, कोणीतरी वापरून झालेला. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे, त्यातलं आम्हाला काय कळणार? घेतला तो आठवीतल्या मुलीसाठी आणि नववीतल्या भाच्यासाठी.

भाचा आमच्या बहिणीचा. त्याच्या वडिलांचा इंतकाल झाला तेव्हापासून शिक्षणासाठी आमच्याकडेच असतो. बहीण गावी शिवणकाम करते. पोर अबोल, पण हाताला चैन नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजायचं ठरवलं. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते, लागलेल्या वेळावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. कल्पना चांगली होती.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना एका संध्याकाळी बोर्ड मुका झाला. लाल दिवा लागलेला, टीव्हीवर मात्र काळोख. भाचा खाली मान घालून म्हणाला, "मामू, माझ्याकडून वायर चुकली. सेन्सरचे पाच व्होल्ट सरळ पिनेत गेले. बोर्ड जळाला."

आम्ही शाळेतून थकून आलो होतो. तोंडातून निघून गेलं, "दुसऱ्याची वस्तू हाताळताना जरा अक्कल वापरावी."

तो काही बोलला नाही. रात्री जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "भाईजान, पोराकडून तुमचं नुकसान झालं म्हणे. ईदच्या कपड्यांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवलेत, ते पाठवते." आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. चूक त्याने कबूल केली होती, पण 'दुसऱ्याची' हा शब्द आमचा होता. आमच्या घरात राहणाऱ्या यतीम मुलाला आम्ही तो ऐकवला होता.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "जळाला हे तपासलं कोणी?" तपासलं कोणीच नव्हतं. त्याने सांगितलं आणि आम्ही मानलं. सरांनी आपला मल्टिमीटर दिला आणि क्रम लिहून दिला: बाहेरून आत या, एका वेळी एकच गोष्ट बदला.

मगरिबनंतर आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो. आधी सेन्सर, कीबोर्ड, कार्ड, सगळं काढून बोर्ड एकटा ठेवला. मग वीज. या बोर्डाला ५ व्होल्ट आणि अडीच अँपियरचा चार्जर लागतो. मोबाईलचा हलका चार्जर किंवा लांब, बारीक केबल असली तर व्होल्टेज पडतं. ते साधारण ४.६ च्या खाली गेलं की लाल दिवा विझतो. आमचा दिवा स्थिर होता, तरी मोजायचं ठरलं. बोर्डावर दोन ओळींत ४० पिना असतात. दुसऱ्या आणि सहाव्या पिनेत मोजलं, ५ व्होल्ट आले.

आता खरी परीक्षा. बोर्ड आत येणाऱ्या ५ व्होल्टचे स्वतः ३.३ व्होल्ट करतो आणि ते पहिल्या पिनेवर मिळतात. ते नसतील तर आतलं काही गेलं असं समजावं. पण पहिली आणि दुसरी पिन अगदी शेजारी. मीटरची सुई घसरून दोन्हींना लागली तर चांगला बोर्डही तिथेच जळेल. म्हणून मुलीने पिनांवर छोट्या वायरी चढवल्या आणि त्यांच्या लांबच्या टोकांवर मोजलं. ३.२९. भाच्याने पहिल्यांदा मान वर केली. मधल्या चिपेला बोट लावून पाहिलं. आत शॉर्ट असेल तर ती क्षणात चटका देते म्हणतात. आमची कोमट होती.

राहिलं मेमरी कार्ड. आम्हाला माहीत नसलेली गोष्ट अशी, की या बोर्डाची सगळी सिस्टीम त्या नखाएवढ्या कार्डावर असते. लाल दिवा फक्त वीज आल्याचं सांगतो. कार्ड वाचलं जातंय की नाही ते शेजारच्या हिरव्या दिव्याच्या लुकलुकण्यावरून कळतं. कार्ड बिघडलं तर धडधाकट बोर्डही मेल्यासारखाच दिसतो. जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं, तर लॅपटॉप म्हणे ते वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? नवं कार्ड आणलं, त्यावर सिस्टीम चढवली, बोर्डात घातलं. हिरवा दिवा लुकलुकला. टीव्हीवर आधी सप्तरंगी चौकोन आला, मग सगळं सुरू झालं. मुलगी ओरडलीच.

कार्ड का बिघडलं असेल? सरांनी विचारलं, "बंद कसा करता?" आम्ही गप्प. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण आम्हीच बंद करायचो, वीज वाचावी म्हणून. कंप्युटर कार्डावर काही लिहीत असताना वीज तोडली तर लिखाण अर्धवट राहून कार्ड खराब होऊ शकतं. मुलांनी दोनदा सांगितलं होतं, "आधी शटडाऊन करा." आम्ही ऐकलं नव्हतं.

आम्ही भाच्याला म्हटलं, "बेटा, कार्ड आमच्या हातून गेलं. तुझ्यावर उगाच आळ आला. आणि 'दुसऱ्याची' म्हणालो, ते तर फारच चुकलं. माफ कर."

तो थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामू, पण ज्या पिनेत वायर लावली होती ती तपासूया." त्याने तिथे एलईडी लावून प्रोग्राम चालवला. पेटला नाही. दुसऱ्या पिनेवर तोच एलईडी पेटला. बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच सोसतात, सेन्सर परत ५ व्होल्ट पाठवतो. ती एक पिन खरंच गेली होती. "ही माझी चूक," तो म्हणाला, आणि या वेळी त्याची मान खाली नव्हती. मग त्याने सेन्सरच्या वाटेत एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर असे बसवले की पिनेपर्यंत ३.३ व्होल्टच पोहोचावेत, आणि दुसरी पिन घेतली.

वर्गात काही हरवलं, काही फुटलं की आम्हीही चटकन एका मुलाकडे पाहतो. बहुतेक वेळा जो गप्प राहतो त्याच्याकडे. बदगुमानी करायला पुरावा लागत नाही, तपासायला मात्र मीटर आणि सबूर दोन्ही लागतात. आणि घाबरलेलं मूल आपल्या वाट्यापेक्षा जास्त गुन्हा कबूल करतं, हे वीस वर्षं शिकवूनही आमच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रात्री बहिणीला आम्हीच फोन केला. पैसे पाठवू नको म्हणून सांगितलं आणि फोन भाच्याकडे दिला. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज ऐकू येत होता. "अम्मी, आपला बोर्ड चालू झाला," तो सांगत होता. भिंतीवरच्या बटणापाशी आता त्याच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: आधी शटडाऊन. ती आमच्यासाठी आहे.